पुस्तक मागे घेणार नाही

६ जून

पुस्तकं आली. टेम्पोवाल्याने दहा खोकी जिन्याच्या पायथ्याशी उतरवली, वर चढवणं बोलीत नाही म्हणाला आणि गेला. ह्यांनी आणि मी मिळून तीन मजले वर आणली. प्रत्येक मजल्यावर कुणीतरी दार किलकिलं करून बघत होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, फरशा बसवताय का? मी म्हटलं, कादंबरी आहे. त्या बरं म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

पहिलं खोकं फोडलं. वास छान. मग पुस्तक उभं धरलं, तर कण्यावर माझ्या आडनावातलं शेवटचं अक्षर अर्धं कापलेलं. तीनशेच्या तीनशे प्रतींवर. छापखानेवाल्याला फोन केला. तो म्हणाला, ताई, एवढं कुणाच्या नजरेत येत नाही. त्याला सांगितलं की मी दातांच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं कवळ्या करते; केसभर उंच झालेला दात माणसाला जेवू देत नाही. तो म्हणाला, पण ताई, हे चावायचं नाहीये ना.

खोकी पलंगाखाली गेली. मावेनात म्हणून ह्यांनी पलंगाच्या पायांखाली विटा सरकवल्या. आता कडेवर बसलं की ह्यांचे पाय जमिनीला टेकत नाहीत. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, तक्रार केली नाही. पुस्तकही उघडलंय त्यांनी. चौदाव्या पानापर्यंत आलेत.

मी स्वतः का काढलं, तेही इथे लिहून ठेवते. एका प्रकाशकाने दीड वर्ष ठेवून घेतलं आणि विषय नाजूक आहे म्हणून परत केलं. दुसऱ्याने उत्तरच दिलं नाही. तिसऱ्याने विचारलं, आधी काही नाव आहे का? नाव पुस्तक आल्यावर होतं ना? मग म्हटलं, आपणच काढू.

विषय नाजूक आहे खरा. मी नऊ वर्षांची असताना आई घर सोडून गेली. अकरा महिने. मग परत आली. मावशीकडे हवापालटाला गेली होती, असं सगळ्यांना सांगितलं गेलं. आम्हाला मावशीच नाही. घरात पुन्हा कुणी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. बाबा तर न बोलताच गेले. माझ्या कादंबरीत एक नऊ वर्षांची मुलगी आहे, तिचे वडील आहेत आणि निघून गेलेली आई आहे. शेवटी वडील जातात आणि आईला घेऊन येतात. नाव 'अकरा महिने'.

आई आता ऐंशीची आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, वर्तमानपत्राचा मथळासुद्धा दिसत नाही. हे मला सोयीचं आहे. दैनंदिनीत तरी खोटं लिहू नये.

९ जून

दादा आला होता, त्याची प्रत न्यायला. माझा थोरला भाऊ. मोजणी खात्यातून निवृत्त झाला, लग्न केलं नाही, आई त्याच्याकडेच असते. किंवा तो आईकडे असतो, जन्मभर. त्याला पहिल्या पानावर 'दादास, प्रेमपूर्वक' लिहून दिलं. त्याने पुस्तकाला कागदाचं कव्हर घालून मागितलं. आईच्या हाती लागलं तरी ती काय वाचणार, मी म्हटलं. त्याने स्वतःच कव्हराच्या कडा नीट दुमडल्या. कापलेलं अक्षर मात्र दारातच त्याच्या लक्षात आलं.

१७ जून

दादाचा फोन. पुस्तक मागे घे.

मी विचारलं, कुठून मागे घेऊ, सगळं पलंगाखालीच आहे. त्याला विनोद रुचला नाही. म्हणाला, आई अजून आहे, ती गेल्यावर काय ते कर. मी म्हटलं, ही कादंबरी आहे, कुणाचं नाव नाही, गाव नाही. तो म्हणाला, शेजारपाजाऱ्यांना नाव लागत नाही. मग त्याने विचारलं:

"त्या घरात ती मुलगी एकटीच होती का?"

मी त्याला नीट समजावलं. आधीच्या खर्ड्यात मोठा भाऊ होता. पण छापखानेवाल्याने बारा फर्म्यांच्या, म्हणजे एकशे ब्याण्णव पानांच्या, आत बसवायला सांगितलं, आणि खरं म्हणजे भावाचं कथेत काही कामच नव्हतं. मुलगी एकटी असली की वाचणाऱ्याच्या पोटात तुटतं. भाऊ आला की तेवढी धार जाते. म्हणून गाळला. तंत्राचा भाग आहे.

त्याने बरं म्हणून फोन ठेवला. त्याला कादंबरीतलं काही कळत नाही, हा त्याचा दोष नाही. जन्म जमिनी मोजण्यात गेला.

मागे घेणार नाही.

२२ जून

पुस्तकाच्या दुकानात पाच प्रती ठेवल्या होत्या. आज प्रयोगशाळेतून सुटल्यावर बघायला गेले. कथा-कादंबरीच्या फळीवर नाही. नव्या पुस्तकांत नाही. शेवटी सापडलं: बाळंतपण आणि बालसंगोपनाच्या फळीवर, 'गरोदरपणाचे नऊ महिने' अशा कुठल्याशा पुस्तकाला खेटून.

दुकानदाराला दाखवलं. तो चष्मा वर करून म्हणाला, महिने दिसले, मला वाटलं त्याच्यापुढचं. त्याचं लक्ष नसताना मी पाचही प्रती उचलून कादंबऱ्यांत नेऊन ठेवल्या.

२६ जून

प्रती पुन्हा बाळंतपणात. मी पुन्हा हलवल्या.

३० जून

पुरस्काराला पाठवलेल्या दोन प्रती परत आल्या. 'स्वप्रकाशित पुस्तके विचारात घेतली जात नाहीत.' पाकीट उघडलेलं होतं, पुस्तकं नव्हती उघडलेली. पानं एकमेकांना जशीच्या तशी चिकटून होती.

प्रयोगशाळेतल्या जेवणाच्या सुट्टीत त्यांना उत्तर लिहिलं. 'महोदय, मी आजवर काही हजार कवळ्या केल्या. एकीवरही कुणाच्या संस्थेचं नाव नसतं. बसते की नाही, एवढंच तोंड बघतं. आपण निदान एक घास घेऊन बघायला हवा होता.' आमच्या दातांच्या डॉक्टरांना वाचून दाखवलं. ते हसले, आणि म्हणाले, पाठवू नका. मी पाठवलं.

डॉक्टरांनीही पुस्तक वाचलेलं नाही. वेळ मिळाला की वाचणार आहेत. आतापर्यंत वेळ मिळाला की वाचणारे एकूण चौदा झाले. त्यातल्या तिघींनी, तू तर आम्हाला प्रत अशीच देणार ना, असंही विचारून घेतलं.

४ जुलै

रविवार, आईला फोन. खुशीत होती. सध्या दुपारी गोष्ट ऐकते म्हणाली. रेडिओवर काहीतरी लागत असेल. दादा शेजारी असतो का, म्हटलं. असतो की, म्हणाली, त्याच्याशिवाय कशी ऐकणार, मला कुठे काय दिसतं.

"त्यात एक मुलगा आहे," ती म्हणाली, "धाकट्या बहिणीच्या वेण्या घालतो. एक वेणी कानावर, एक मानेवर. फार गुणी पोर आहे गं."

रेडिओवाल्यांना काही ताळतंत्र उरलेलं नाही. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा कुठे वेण्या घालतो? माझ्या कादंबरीत मुलगी सरळ कात्री घेते आणि केस कापून टाकते. ते पान लिहिताना मी स्वतः रडले होते. प्रत्यक्षात माझे केस कापले नव्हते. शेजारच्या काकू घालून द्यायच्या बहुतेक. आठवत नाही.

१२ जुलै

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आज होतं. झालं नाही. दादाने पुढे ढकललं, म्हणे आईला सर्दी आहे. मागच्या महिन्यात म्हणाला होता, डॉक्टर बाहेरगावी गेलेत. मी आज मुद्दाम दवाखान्यात फोन केला. डॉक्टर गेल्या महिन्यात कुठेही गेले नव्हते.

म्हणजे माझ्या लक्षात आलं. आईला दिसायला लागलं की ती पुस्तक वाचेल. म्हणून हा तिला दिसूच देणार नाही.

ह्यांना सांगितलं. पलंगावर पाय हलवत बसले होते. म्हणाले, दादा असा नाही. मी विचारलं, मग कसा आहे? त्यांना सांगता येईना. एकोणिसाव्या पानावर आहेत.

१३ जुलै

काल लिहिलं ते वाचून बघितलं. दादावर तुटून पडले ते ठीक, पण आईला दिसत नाही हे मला सोयीचं आहे, असं मीच महिन्यापूर्वी लिहून ठेवलंय. म्हणजे त्याला आईला अंधारात ठेवायचंय आणि मला ती अंधारात असलेली चालतेय. आम्हा दोघांत फरक काय?

फरक हा, की मी तिला घेऊन जाणार. वाचू दे. वाचून मला घराबाहेर काढू दे. दवाखान्यातून तारीख घेतली: २ ऑगस्ट. रजेचा अर्जही दिला.

२० जुलै

दादाकडे जाऊन तारीख सांगितली. आई आत झोपली होती. तो एकदम उठून उभा राहिला. दहा-बारा दिवस आणखी थांब म्हणाला. मी विचारलं, कशासाठी? म्हणाला, अजून थोडं राहिलंय. काय राहिलंय? तयारी, म्हणाला. ऑपरेशनला आईने काय तयारी करायची असते?

मग टेबलावर माझं पुस्तक दिसलं. कागदी कव्हर हातांनी मळून मऊ झालेलं. शेवटाकडच्या पानांत खूण घातलेली. मी उघडलं, तर समासांत बारीक पेन्सिलीने ओळीच्या ओळी लिहिलेल्या. त्याचं ते मोजणीच्या नकाशावरचं अक्षर, मुंगीएवढं. एकही शब्द वाचायच्या आत त्याने पुस्तक हातातून काढून घेतलं. इतक्या वर्षांत त्याने माझ्या हातातून काही काढून घेतल्याचं मला आठवत नाही.

हे आक्षेप आहेत. पानापानावर. वकिलाला दाखवणार. घरच्या माणसांची बदनामी, असा काहीतरी दावा लावता येतो म्हणतात.

लावू दे. उभी राहीन. पुस्तक कोर्टात गेलं तर निदान न्यायाधीश तरी पूर्ण वाचतील.

२ ऑगस्ट

झालं ऑपरेशन, उजव्या डोळ्याचं. वीस मिनिटं. दादा आला होता, बाहेरच्या बाकावर बसून राहिला. आईला आत नेताना मात्र तिच्या चपला उचलून मांडीवर घेऊन बसला. बाकाखाली ठेवल्या तरी चाललं असतं.

३ ऑगस्ट

पट्टी काढली. आईने आधी खिडकीकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे, मग माझ्याकडे. बराच वेळ बघितलं.

"तू म्हातारी झालीस की," म्हणाली.

मग दादाकडे बघितलं. फक्त त्याच्या शर्टाची कॉलर सारखी केली.

११ ऑगस्ट

मधल्या दिवसांत दोन गोष्टी. आमच्या वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंनी पुस्तक विकत घेतलं, पूर्ण वाचलं, आणि २१ तारखेला संध्याकाळी वाचनाचा कार्यक्रम ठेवू या म्हणाल्या. बारा खुर्च्या आहेत. जास्त लोक आले तर मुलांच्या विभागातली स्टुलं आणू. मी त्यांना विचारलं, कसं वाटलं पुस्तक? त्या म्हणाल्या, ती मुलगी इतकी एकटी आहे की मला मध्येच खोटं वाटायला लागलं; कुणीतरी असतंच हो घरात. एवढं सोडून आवडलं.

दुसरी, दुकानात एक प्रत गेली. बाळंतपणाच्या फळीवरून. दुकानदाराने मला बोलावून मुद्दाम सांगितलं. मी तोंड पाडून उरलेल्या चार तिथेच राहू दिल्या.

१४ ऑगस्ट

आईचा फोन, तिने स्वतः लावलेला. आता आकडे दिसतात.

"तुझं पुस्तक मला दे," म्हणाली. "नवं दे. दादाचं नको, त्यात त्याने गिचमिड करून ठेवलीय."

मी म्हटलं, डोळ्याला ताण देऊ नकोस. डॉक्टरांना विचारलंय, म्हणाली. मी म्हटलं, अक्षर बारीक आहे. चष्मा आलाय, म्हणाली. मग मी आणते म्हटलं.

१६ ऑगस्ट

दोन दिवस पुस्तक पर्समध्ये घालून कामावर गेले आणि तसंच घरी आणलं. आज एका कवळीचे सहा दात उलटसुलट बसवले, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. डॉक्टर म्हणाले, घरी जा. घरी गेले नाही, आईकडे गेले. तिच्या हातात पुस्तक ठेवलं आणि बसायलाही न थांबता निघाले. पण दिलं. परत मागून घेतलं नाही.

१८ ऑगस्ट

आईने बोलावलं. हे सावकाश लिहायला हवं.

ती खिडकीपाशी खुर्चीत बसली होती, पुस्तक मांडीवर. दादा स्वयंपाकघरात भांडी घासत होता. मी तयारी करून गेले होते. कादंबरी म्हणजे जसंच्या तसं आयुष्य नसतं, वगैरे. ती म्हणाली, बस. मग म्हणाली:

"यातला मुलगा कुठे गेला?"

मी विचारलं, कुठला मुलगा?

"वेण्या घालणारा. पीठ मळताना रेडिओ लावणारा. तापात रात्रभर बहिणीच्या उशाशी बसलेला. मी दोनदा शोधला. सापडत नाही."

मी म्हटलं, तो रेडिओवरच्या गोष्टीतला असेल. आईने माझ्याकडे नुसतं बघितलं. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला होता.

रेडिओवर काही लागत नव्हतं. जूनमध्ये तिनेच दादाला माझं पुस्तक वाचून दाखवायला लावलं होतं. तो नाही नाही म्हणत होता. ती म्हणाली, मुलीने लिहिलंय, मी ऐकणार. मग रोज दुपारी चार-पाच पानं. आणि वाचता वाचता त्याने त्यात एक भाऊ घातला. आदल्या दिवशी बसून समासात लिहून ठेवायचा, म्हणजे वाचताना अडखळायला होऊ नये. पुस्तक संपेपर्यंत ऑपरेशन पुढे ढकलत होता ते त्यासाठीच.

आईने दादाला हाक मारली, तुझं पुस्तक आण. तो आणेना. मग मीच उठून त्याच्या टेबलावरून आणलं. या वेळी त्याने हातातून घेतलं नाही. ओले हात टॉवेलला पुसत दारात उभा राहिला.

पान २३, जिथे माझी मुलगी कुलूप उघडून रिकाम्या घरात शिरते: 'भाऊ आधीच आलेला असतो. दिवा लावून ठेवतो, म्हणजे तिला अंधारात शिरावं लागू नये.' पान ४७, जिथे ती केस कापते: 'कापत नाही. भाऊ वेण्या घालायला शिकतो. पहिले आठ दिवस वाईट.' पान ८८: 'हा ताप तीन दिवस होता, एक नाही.'

आक्षेप नव्हता एकही. नुसत्या दुरुस्त्या होत्या, मोजून केलेल्या.

शेजारच्या काकूंचा हात मला कधी आठवलाच नव्हता. वेण्या घालणारा हात आठवायचा तो शाई लागलेला. तो मी कुणाचा समजत होते?

मी दादाला विचारलं, तू मला सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, विचारलं होतं मी तुला. तू म्हणालीस, तंत्राचा भाग आहे.

मी पान ४७ पुन्हा उघडलं.

आई मध्येच म्हणाली, तुमचं दोघांचं झालं असेल तर माझंही आहे. तिने शेवटचं पान उघडलं.

"हे खोटं आहे. तुझे बाबा मला आणायला आले नव्हते. त्यांना मी कुठे आहे तेही माहीत नव्हतं. मी आले."

मी विचारलं, कुठे होतीस? चव्वेचाळीस वर्षांनी विचारलं. तिने असं सांगितलं, जसं कुणी बाजारातून आल्यावर सांगतं. दुसऱ्या गावी, नोकरी करणाऱ्या बायकांच्या वसतिगृहात. औषधांच्या कारखान्यात बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायची. कुणी पुरुष नव्हता, आजार नव्हता, भांडणही नव्हतं. एक दिवस सकाळी तिला वाटलं की आज पुन्हा हेच सगळं केलं तर आपण विझून जाऊ. म्हणून गेली. तिथे तिची स्वतःची खाट होती आणि स्वतःची खिडकी. पहिले चार महिने ती सुट्टीच्या दिवशी नुसती झोपली.

दादा म्हणाला, "आणि आमची आठवण?"

"रोज यायची," आई म्हणाली. "येत होती म्हणून मी लगेच परतले असते, तर पुन्हा गेले असते. मला राहावंसं वाटेल तेव्हाच मी येणार होते. तशी आले. मग कुठे गेले का?"

दादा आत गेला. नळ पुन्हा सुरू झाला. बराच वेळ चालू होता, आणि घासायचं भांडं एकही उरलेलं नव्हतं.

निघताना आईने पुस्तक मला परत दिलं. मी विचारलं, राग आला? ती म्हणाली, लिहिलंस ते बरं केलंस. अर्धवट लिहिलंस त्याचा आला.

१९ ऑगस्ट

दादाचा मुद्दा मला आता कळतो, असं लिहिणार होते. खोडलं. कळतो म्हणणं सोपं आहे. मी चार वर्षं खपून कादंबरी लिहिली आणि त्यातून नेमका तोच माणूस काढून टाकला ज्याने मला सांभाळलं. ते पुन्हा वर, कथेची धार राहावी म्हणून. आणि तरी एकही प्रकाशक म्हणाला नाही की बाई, इथे कुणीतरी कमी आहे.

पुस्तक मात्र मागे घेणार नाही. ते चुकलंय, पण माझंच आहे. चुकलेली कवळी आम्ही फेकत नाही, पुन्हा मेणावर घेतो.

प्रयोगशाळेतून रजा घेतली. सकाळी बसून सहा पानं हाताने लिहिली.

२१ ऑगस्ट

वाचनाला नऊ माणसं. त्यातले हे एक, आई एक, ग्रंथपाल बाई एक. एक मोठ्या पोटाची तरुण मुलगी आली होती. तिने पुस्तक चुकून घेतलं आणि मग ठेववेना म्हणाली. एक गृहस्थ वर्तमानपत्र वाचायला आले होते, ते उठले नाहीत म्हणून मोजले.

दादा आईला सोडायला आला आणि आत न येता दाराबाहेर, चपलांच्या फळीपाशी उभा राहिला. मला त्याची फक्त सावली दिसत होती.

मी छापलेलं पुस्तक उघडलं, दोन पानं वाचली, आणि मिटलं. म्हटलं, यापुढचं पुस्तकात नाही. मग हाताने लिहिलेली पानं वाचली. कुलूप उघडण्याचा प्रसंग, पण या वेळी घरात दिवा होता. मध्ये दोनदा थांबून पाणी प्यायले, पुन्हा वाचलं.

वर्तमानपत्रवाल्या गृहस्थांनी हात वर केला. हे पुस्तकात नाही, तर मग आम्ही विकत काय घ्यायचं? मी म्हटलं, पहिल्या आवृत्तीत लेखिकेची चूक आहे ती घ्या, दुसरीत दुरुस्ती असेल. ते म्हणाले, असं कुणी सांगतं का? मी म्हटलं, प्रकाशक मीच आहे, मला कोण अडवणार?

तेवढ्यात आई उठली. ह्यांनी तिचा कोपर धरला होता, तो तिने सोडवला.

"आणि शेवटी बाई आपली आपण येते," ती सगळ्यांना म्हणाली. "तिला कुणी आणत नाही. मी सांगते ना."

खोलीत कुणी हललं नाही. सगळ्यांना एका क्षणात कळलं की ही ती आहे. चव्वेचाळीस वर्षं जे झाकलं, ते आईने बारा खुर्च्यांसमोर उभं राहून सांगून टाकलं आणि पदर सारखा करून खाली बसली. शेजारच्या त्या तरुण मुलीने हळूच तिच्या हातावर हात ठेवला. आईने तो राहू दिला.

बाहेरची सावली होती तिथेच होती.

२४ ऑगस्ट

संध्याकाळी दादा आला, एकटा. चहा घेतला. पलंगाच्या कडेवर बसला, त्याचेही पाय टेकेनात. म्हणाला:

"मला पुस्तकात घालू नकोस. आईला वाचून दाखवण्यापुरतं होतं ते."

मी म्हटलं, घालणार.

तो म्हणाला, मी सांगतोय ना. मी म्हटलं, जूनमध्येही तू सांगत होतास, तेव्हाही मी ऐकलं नाही. पुस्तक माझं आहे. तू हवा तर वकील कर. त्याला वकिलाचं काही कळलं नाही. मी समजावत बसले नाही.

हे म्हणाले, घालच. आणि मग, एकशे ब्याण्णवावं पान संपलं, असंही म्हणाले. कधी वाचलं देव जाणे.

मी वही काढली आणि दादाला म्हटलं, छापायचंच आहे तर मापं नीट असू देत. पहिल्या दिवसापासून सांग. त्याने कप खाली ठेवला. मग सांगायला लागला, कोरडेपणाने, तारीखवार, जणू कुणाच्या शेताची हद्द सांगतोय. दूधवाल्याला काय सांगितलं. माझ्या शाळेत काय सांगितलं. बाबा घरी यायचे, जेवायचे, भिंतीकडे बघत बसायचे. त्यांना काही विचारायची सोय नव्हती. म्हणून माझ्या प्रगतिपुस्तकावर पालकाची सही तोच करायचा. चौदाव्या वर्षी. आधी रद्दीवर गिरवून, मग पुस्तकावर. दर महिन्याला, अकरा वेळा.

मी विचारलं, कधी पकडला गेला नाहीस?

"मी नाही," दादा म्हणाला. "आई आल्यावर पुढच्या महिन्यात बाबांनी स्वतः सही केली. तुझ्या वर्गाच्या बाईंनी प्रगतिपुस्तक परत पाठवलं. म्हणे, सही पालकांची नाही."

सांगताना तो हसला. मी लिहून घेतलं.